रंगाचं वजन: तुमसरात आठ फुटी हरिकेन पूर्ण करताना

आजचा भाग रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या मोठ्या विमानाच्या मॉडेलबद्दल आहे. मोठं म्हणजे खरोखर मोठं, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ फूट. विमान आहे हॉकर हरिकेन, दुसऱ्या महायुद्धातलं. सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलं, सर्व्हो फिरायला लागले की बघायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "आता रंग मारला की झालं ना?" आजचं सगळं बोलणं या एका वाक्यावर आहे. कारण सांगाड्यापर्यंत उत्तम जमलेलं विमान शेवटच्या महिन्यात, रंगकामात हातचं जाऊ शकतं.

आधी हरिकेनच का, ते सांगतो. सिडनी कॅम यांनी आखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. आपल्या हवाई दलाशी त्याचं नातं जवळचं आहे. १९४४ मध्ये इम्फाळच्या लढाईत एक नंबरचं स्क्वॉड्रन हरिकेनवर होतं आणि त्याचे प्रमुख होते अर्जन सिंग, जे पुढे हवाई दलाचे मार्शल झाले. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक हरिकेन आजही बघायला मिळतं. पण मॉडेल करणाऱ्यासाठी दुसरी कारणं जास्त कामाची. याची चाकं आतल्या बाजूला मिटतात, त्यामुळे जमिनीवर दोन चाकांत भरपूर अंतर राहतं. स्पिटफायरची बाहेरच्या बाजूला मिटतात, म्हणून ते डुगडुगतं. दुसरं म्हणजे हरिकेनचं मागचं अर्धं धड मुळातच कापडाचं. आत धातूच्या नळ्या, त्यावर लाकडी चौकटी आणि पट्ट्या, वरून ताणलेलं लिनन. म्हणजे आपण बाल्सा आणि कापडाने जे करतो, ते खऱ्या विमानाच्या बरंच जवळचं आहे.

आता हिशेब बघा. खऱ्या हरिकेनचा पंख चाळीस फूट, आपला आठ. म्हणजे एक पंचमांश. लांबी पाचपट कमी झाली की पंखाचं क्षेत्रफळ पंचवीसपट कमी होतं आणि घनफळ सव्वाशेपट. खरं विमान भरलेलं साधारण साडेतीन टनांचं. त्याला सव्वाशेने भागलं तर अठ्ठावीस किलो येतात. तेवढं जड मॉडेल केलं तर ते वीट फेकल्यासारखं उडेल. आपल्याला ते अकरा किलोच्या आसपास आणायचं आहे. म्हणून बाल्सा. सागवान आपल्या भागात मिळतं, मजबूतही आहे, पण बाल्सापेक्षा चार-पाच पट जड. बाल्सा बाहेरून मागवावाच लागतो. पंखाच्या टोकाची गोलाई मात्र बांबूच्या कामटीने छान होते. कामटी पातळ तासायची, मेणबत्तीवर शेकत शेकत वाकवायची. हलकी, चिवट आणि इथेच मिळणारी.

अकराचे चौदा किलो झाले तर काय बिघडतं? माझ्या गणिताने अकरा किलोचं हे विमान ताशी सेहेचाळीस किलोमीटरच्या खाली गेलं की पंख साथ सोडतो. चौदा किलो असेल तर तो आकडा बावन्नच्या आसपास जातो. सहाच किलोमीटरचा फरक, असं वाटेल. पण वजनही वाढलं आणि उतरतानाचा वेगही वाढला, त्यामुळे कुठे आदळलं तर मार दीडपटीहून जास्त बसतो. चाकाची दांडी वाकेल हा एक भाग झाला. खाली माणूस असेल तर काय, हा खरा प्रश्न आहे.

हे वाढीव वजन येतं कुठून? पुष्कळसं रंगातून. आठ फुटी हरिकेनचा बाहेरचा सगळा पृष्ठभाग धरा अंदाजे चार चौरस मीटर. लाकडी भागावर पंचवीस ग्रॅमची काचकापडाची जाळी आणि जवळजवळ तेवढंच इपॉक्सी. मग प्रायमर, मग वरचे दोन रंग, खालचा राखाडी, मग मॅट क्लिअर. सुकल्यावर एकेका थराचे चौरस मीटरला पंचवीस ग्रॅम जरी राहिले तरी थरामागे शंभर ग्रॅम. "अजून एक हात मारू" असं चार वेळा म्हटलं की चारशे ग्रॅम गेले.

आणि त्यातले शेपटीकडचे ग्रॅम महाग. हरिकेनचं नाक आखूड, शेपूट लांब. विमान जिथे तोललं जायला हवं तिथून शेपूट एकशेवीस सेंटीमीटर मागे आणि नाकात शिसं ठेवायची जागा चाळीस सेंटीमीटर पुढे, असं धरा. शेपटीत शंभर ग्रॅम रंग चढला तर नाकात तीनशे ग्रॅम शिसं टाकावं लागतं. विमान जड झालं चारशेने. म्हणून शेपटीवर पोटीन घासून भरायची नाही. तिथे लाकूडच नीट घासायचं.

फळ्यांबद्दल, म्हणजे एलेव्हेटर, रडर आणि एलेरॉनबद्दल, जास्त काटेकोर राहा. बिजागरीच्या मागच्या बाजूला रंग साचला की वेगात फळी थरथरायला लागते. त्याला फ्लटर म्हणतात. काही सेकंदांत बिजागरी उखडते किंवा सर्व्होचे दाते जातात आणि विमान हातात राहत नाही. या फळ्या खऱ्या हरिकेनवर कापडाच्याच होत्या. तुम्हीही इस्त्रीने ताणणारं पॉलिस्टर कापड लावा, वर पातळ रंगाचा एकच हात द्या. कापडाची वीण थोडी दिसली तर दिसू द्या, खऱ्यावरही दिसायची.

धडाच्या पुढच्या भागात मात्र पत्रा दिसायला हवा. रिबेटसाठी सिरिंजमध्ये फेव्हिकॉल भरून थेंब ठेवतात. हे काम वेळखाऊ आहे, वजन नगण्य. म्हणजे हौस भागवायची असेल तर ती रिबेटमध्ये भागवा, रंगाच्या डब्यात नको.

रंगसंगती बघून घ्या. बर्मा आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेत लाल ठिपका नव्हता. १९४२ मध्ये तो काढला, कारण जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत व्हायची. म्हणजे एक नंबर स्क्वॉड्रनचं विमान करताना इंग्लंडमधल्या विमानाचे स्टिकर तसेच चिकटवले तर ते चुकीचं दिसेल.

आता आपल्या हवेचं. पावसाळ्यात फवारलेल्या लॅकरवर दमट हवेमुळे पांढुरकी साय धरते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा फवारा पृष्ठभागावर पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि खरखर उरते. मग दिवाळीनंतरचे तीन महिने उरतात. पण तुमसर म्हणजे धानाचं गाव, नेमके तेव्हाच राइस मिल जोरात असतात आणि कोंड्याची धूळ ओल्या रंगावर बसते. उपाय साधा आहे. जमीन ओली करायची, दार-खिडकी ओल्या कापडाने बंद करायची, मास्क लावायचा आणि सकाळी मिलचं काम सुरू व्हायच्या आधी फवारणी आटपायची.

प्रत्येक थर सुकला की वजनकाट्यावर ठेवा आणि वहीत लिहा. ही सवय सगळ्यात मोलाची. आकडा ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला तर पुढचा थर रद्द करा. वेळ पडली तर चढवलेला रंग घासून काढा. जीव जळतो, कारण दिसायला ते विमान तेव्हा सुंदर असतं. पण नाकात शिसं वाढवत नेणं म्हणजे कर्ज फेडायला कर्ज काढणं. शेवटी तोल पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढून पंचवीस ते सत्तावीस टक्क्यांवर आला पाहिजे, टाकी रिकामी आणि चाकं मिटलेली असताना.

उडवायचं कुठे? धान कापून झाल्यावर बांध्या मोकळ्या होतात, पण धुऱ्यांमुळे लांब सलग पट्टा मिळत नाही आणि धसकटात चाक अडकलं की विमान नाकावर येतं. त्यापेक्षा पाणी उतरलेल्या तलावाची टणक, मोकळी बाजू बरी, मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून. डिसेंबर-जानेवारीची सकाळ निवडा. पंचवीस अंशांपेक्षा पंचेचाळीस अंशांना हवा सुमारे सहा टक्के पातळ होते. पंखही कमी उचलतो, इंजिनही कमी ओढतं.

कायद्याकडे दुर्लक्ष नको. ड्रोन नियम २०२१ मध्ये पंचवीस किलोपर्यंतचं, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं मॉडेल प्रकार-प्रमाणपत्रातून सुटतं. पण तेवढ्या एका कागदातून सुटतं, बाकी नियम वाचायचेच. आपली जागा नकाशावर कोणत्या रंगाच्या झोनमध्ये येते ते आधी बघा. गोंदियाजवळ बिरसी विमानतळ आहे, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. "आमच्या गावात कोण विचारतं" हे चालणार नाही.

इंजिनचा आवाज गेला की पाच मिनिटांत पोरं जमतात, शेतातली माणसं काम सोडून येतात. त्यांना हाकलू नका, पण सगळ्यांना तुमच्या पाठीमागे, एका ओळीत उभं करा आणि त्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा. रेंज तपासा. सिग्नल तुटला तर इंजिन आपोआप मंद होतं का, ते ट्रान्समीटर बंद करून जमिनीवरच बघा. तेव्हा विमान कुणीतरी घट्ट धरून ठेवलेलं असलं पाहिजे.

तर "रंग मारला की झालं" याचं माझं उत्तर असं. विमान पूर्ण कधी झालं ते आरसा सांगत नाही, काटा सांगतो. दोन फुटांवरून दिसणारा डाग शंभर फुटांवरून दिसत नाही. वाढलेला किलो मात्र उतरताना पहिल्याच वळणावर दिसतो. वही आजच आणा आणि पहिला आकडा नुसत्या सांगाड्याचा लिहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.