फुप्फुसाची साक्ष

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

डॉक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गळ्यात अडकवलेला स्टेथोस्कोप येतो. माझ्या सगळ्या नोकरीत मी तो फार थोडे दिवस वापरला. मी पॅथॉलॉजिस्ट. मराठीत याला विकृतिशास्त्रज्ञ म्हणतात. हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस जरा सरकूनच बसतो, म्हणून मी तो फारसा वापरत नाही. आजाराने शरीरात नेमकी काय उलथापालथ केली, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं आणि कागदावर लिहायचं, हे आमचं काम. आज मी एचआयव्ही आणि फुप्फुस यांच्याबद्दल बोलणार आहे, कारण या विषाणूची पहिली चाहूल जगाला लागली ती फुप्फुसातूनच.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य साप्ताहिकात एक छोटी नोंद छापून आली. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिस नावाचा न्यूमोनिया झाला होता आणि त्यातले दोघे दगावले होते. हा आजार एरवी दिसायचा तो कुपोषित तान्ह्या बाळांत किंवा कॅन्सरचे उपचार घेणाऱ्यांत. धडधाकट तरुणांत तो यावा, हेच नवल होतं. या न्यूमोसिस्टिसची कथाही मजेशीर आहे. १९०९ साली ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी तो पाहिला आणि त्यांना ती दुसऱ्याच एका परजीवीची अवस्था वाटली. पुढे तो स्वतंत्र जीव आहे हे कळलं, पण कित्येक दशकं त्याची गणना प्राण्यांच्या बाजूला होत राहिली. १९८८ साली त्याच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा ठरलं, की ही चक्क बुरशी आहे. चांदीच्या क्षाराने रंगवली की ती चेपलेल्या वाट्यांसारखी काळी दिसते. एकदा पाहिली की विसरत नाही.

आपल्याकडे १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत एचआयव्ही सापडला. मग आम्ही सगळेच अमेरिकन पुस्तकं उघडून बसलो. पुस्तकात लिहिलं होतं: एड्सचा रुग्ण, धाप, कोरडा खोकला, छातीच्या फोटोत दोन्हीकडे धूसर सावली, म्हणजे न्यूमोसिस्टिस.

१९९४ साली मी निवासी डॉक्टर होते. ट्रकवर काम करणारा तिशीचा एक माणूस भरती झाला. एचआयव्ही होता. ताप, धाप, वजन उतरलेलं. थुंकी तीनदा तपासली, तीनही वेळा टीबीचे जंतू नाहीत. फोटोत धूसर सावली. पुस्तकाप्रमाणे न्यूमोसिस्टिसचे उपचार सुरू झाले. नवव्या दिवशी तो गेला. शवविच्छेदनाच्या कागदावर भावाने सही केली. बायको कडेवर पोर घेऊन उभी होती. तिने मला एकच विचारलं, "बाई, यांना नक्की काय झालं होतं, ते कळंल का? घरात लहान पोर आहे."

मी म्हटलं, कळेल.

फुप्फुसं हातात घेतली तेव्हाच ती जड लागली. कापल्यावर आत सगळीकडे बाजरीच्या दाण्याएवढे पांढरट ठिपके पसरलेले. वैद्यकात या प्रकाराचं नावच बाजरीसारख्या धान्याच्या लॅटिन शब्दावरून पडलं आहे. (आमच्या शास्त्रात खाण्याच्या पदार्थांच्या उपमा फार. टीबीच्या गाठीतल्या मृत भागाला पुस्तक चीज म्हणतं, आमचे सर खवा म्हणायचे.) काचपट्टीवर टीबीच्या जंतूंचा लाल रंग दिला आणि भिंगाखाली पाहिलं. लाल काड्यांचा नुसता सडा पडला होता. चांदीच्या रंगात एकही वाटी दिसली नाही.

मग थुंकीत जंतू का दिसले नाहीत? हे समजून घेण्यासारखं आहे. निरोगी माणसाच्या फुप्फुसात टीबीचा जंतू शिरला की संरक्षक पेशी त्याच्याभोवती कडं करतात. या पेशींना गोळा करणारे आणि चेतवणारे मुकादम म्हणजे सीडी-४ पेशी. या कड्याच्या आतला भाग मरतो, मऊ पडतो आणि कधी फुटून श्वासनलिकेत मोकळा होतो. तिथे पोकळी होते, खोकल्याबरोबर जंतू बाहेर येतात आणि थुंकीत दिसतात. म्हणजे थुंकीत जंतू दिसायला एका परीने शरीराचा प्रतिकारच कारणीभूत असतो. एचआयव्ही नेमका मुकादमांनाच मारतो. कडं होत नाही, पोकळी होत नाही, जंतू रक्तातून यकृत, प्लीहा, मेंदू असे कुठेही जातात. एक मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे भिंगाखाली एखादा दिसतो. अशा रुग्णाच्या थुंकीत ते तितके नसतातच. प्रतिकार जितका दुबळा, तितकी थुंकी स्वच्छ आणि तितकाच आजार भयंकर. हे त्या काळी कित्येक डॉक्टरांनाही पटायला जड गेलं.

हा काही आमच्याच रुग्णालयातला योगायोग नव्हता. आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमधल्या आबीजान शहरात झालेल्या शवविच्छेदनांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. तिथेही एड्सच्या मृत्यूंमागे टीबी सर्वांत पुढे होता आणि न्यूमोसिस्टिस अगदी थोडा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात डॉ. लांजेवार आणि सहकाऱ्यांनी १९८८ ते २००० या काळातली शवविच्छेदनं अभ्यासली. निम्म्याहून अधिक जणांच्या फुप्फुसांत टीबी होता, न्यूमोसिस्टिस शंभरात पाचांच्या आसपास. परदेशी पुस्तक चुकीचं नव्हतं. ते दुसऱ्या गावाचं होतं. २०१५ साली जगभरच्या अशा अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. एचआयव्हीने मरण पावलेल्या सुमारे चाळीस टक्के लोकांत टीबी सापडला, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना जिवंतपणी तो आहे हे कुणाला कळलंच नव्हतं.

आता त्या बाईंकडे येते. ऊतींचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचे, मेणात बसवायचे, कागदाहूनही पातळ कापायचे, रंगवायचे. अहवालाला तीन आठवडे लागले. तो वॉर्डातल्या फाइलला लागला आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेली. नातेवाइकांना कळवायचं काम कुणाचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पत्ता माझ्यासमोरच्या कागदावर होता. मी कळवलं नाही. ते माझं काम आहे असं मला वाटलंच नाही.

सात-आठ महिन्यांनी मुलांच्या विभागातून मानेतल्या गाठीचा एक तुकडा माझ्या टेबलावर आला. चार वर्षांचा मुलगा. आडनाव ओळखीचं, गाव तेच. काचपट्टीवर टीबी स्पष्ट होता. आईलाही खोकला होता. दोघांना उपचार मिळाले आणि मुलगा बरा झाला. पण ते सात-आठ महिने माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हाची आणि आजची परिस्थिती वेगळी आहे, हेही सांगायला हवं. २००४ सालापासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात आणि २०१७ पासून सीडी-४चा आकडा न पाहता निदान होताच ती सुरू होतात. टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी तपासणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्य केली. तिचं उत्तर दोन तासांत येतं. ज्यांना थुंकीच पडत नाही, अशा खंगलेल्या एचआयव्ही रुग्णांसाठी लघवीवरची तपासणीही आहे. शरीरात सुप्त टीबी असलेल्या निरोगी माणसाला आयुष्यभरात साधारण दहा टक्के धोका असतो. एचआयव्हीवर उपचार नसतील तर तेवढाच धोका एकेका वर्षात पोचतो. म्हणून टीबी नसल्याची खात्री करून प्रतिबंधक औषध दिलं जातं. तेव्हा थुंकीत जंतू नाहीत एवढ्यावर कुणी तुम्हाला निश्चिंत राहायला सांगितलं आणि ताप, खोकला, वजन उतरणं चालूच असेल, तर पुढच्या तपासणीचा आग्रह धरा.

शवविच्छेदनाला लोक नाही म्हणतात, ते मला समजतं. मोझांबिकमध्ये मापुतो इथे बार्सिलोनाच्या संशोधकांबरोबर एक पद्धत तपासली गेली: देह न उघडता जाड सुईने फुप्फुस, यकृत, मेंदू यांचे बारीक तुकडे घ्यायचे. पुष्कळदा मृत्यूचं कारण कळायला तेवढं पुरतं.

त्या मुलाच्या गाठीनंतर मी टेबलाच्या खणात पोस्टकार्डांचा गठ्ठा ठेवायला लागले. त्यावर आजाराचं नाव लिहायचं नाही, कारण खेड्यात कार्ड घरात पोचण्याआधी चारजणांनी वाचलेलं असतं. फक्त एवढंच: अहवाल तयार आहे, मुलाबाळांना घेऊन येऊन भेटा. कित्येक कार्डं गेली ती गेलीच. काहीजण मात्र ते कार्ड हातात धरून प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभे राहायचे, आणि आमचा शिपाई आतूनच ओरडायचा, "बाई, तुमचं माणूस आलंय."