बेताच्या पैशांतला डिजिटल कॅमेरा

दसऱ्याला म्हैसूरच्या राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे उजळतात. ती शोभा टिपू इच्छिणाऱ्या बेताच्या मिळकतीच्या गृहस्थाने डिजिटल कॅमेरा घेताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. प्रकाश झेलणाऱ्या सेन्सरचा आकार आधी विचारावा. खिशात मावणाऱ्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. एपीएस-सी प्रकारातला २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ १३ पट. अंधारात हा मोठेपणाच उपयोगी पडतो. चित्र स्वच्छ येते. म्हणून नव्या लहान कॅमेऱ्याच्या किमतीत मोठ्या सेन्सरचा वापरलेला कॅमेरा मिळत असेल, तर भिंगात बुरशी नाही याची खात्री करून तोच घ्यावा; आणि थोडे पैसे ट्रायपॉडसाठी राखून ठेवावेत.