द्राक्षाच्या गावाला जाऊ, पण खड्डा पाहून येऊ

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, तूर घरात आली, की आपल्या राजूर आणि वणीच्या शिवारात थोडी उसंत मिळते. कुणी देवदर्शनाला जातो, कुणी पाहुण्यांकडे. याच दिवसांत दहा-बारा जणांनी मिळून नाशिक आणि जुन्नरकडच्या द्राक्षबागांचा दौरा करावा, असं मला सुचवायचं आहे. देवदर्शनही होईल, जुनी गावंही पाहून होतील आणि शेतीचं शिक्षणही मिळेल. मात्र जाण्याआधी फरदड ठेवू नका. पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करा, नाहीतर तुम्ही दौऱ्यावर आणि गुलाबी बोंडअळी मुक्कामाला, असं व्हायचं.

आधी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी असाच द्राक्षं पाहायला गेलो. मांडवाखाली लोंबणारे घड पाहिले आणि डोळे दिपले. येताना खुंटाची रोपं घेऊन आलो. अर्धा एकर वावर निवडलं, तेही सगळ्यात भारी काळं. कारण जिथं कापूस चांगला येतो तिथं द्राक्षही येईल, असा माझा हिशेब. बांबू, तार, ठिबक, सगळा खर्च केला. श्रावणात आठ दिवस झड लागली. पाणी वावरातून हटेना. मुळं कुजली. कलम करायची वेळ आली तेव्हा निम्मी रोपं उभी नव्हती. खर्च बुडाला आणि त्या अर्ध्या एकरातला एक वर्षाचा कापूसही गेला. दोष द्राक्षाचा नव्हता. मी घड पाहिले होते, खालची जमीन पाहिली नव्हती.

म्हणून आजचं हे भाषण.

कुठं जावं, कसं जावं

वर्ध्याहून रेल्वेनं नाशिक रोडला उतरावं. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत हा द्राक्षाचा मुख्य टापू. तिथून नाशिक-पुणे रस्त्यानं संगमनेरवरून नारायणगाव गाठावं. नारायणगावाहून जुन्नर जवळच आहे. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण तेव्हा काढणी चालू असते.

जुन्नर हे जुनं नांदतं गाव. शिवनेरी किल्ला गावाला लागूनच आहे. इथंच १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला. भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या वर कोरीव लेणी आहेत. अष्टविनायकांपैकी लेण्याद्री आणि ओझर ही दोन ठाणी याच तालुक्यात. पश्चिमेला नाणेघाट आहे. कोकणातल्या बंदरांचा माल सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या घाटानं वर येई. सातवाहन राणी नागनिका हिचा लेख तिथल्या लेण्यात आहे, आणि घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात गोळा होत असे, असं सांगतात. नारायणगाव तमाशाचं माहेरघर, विठाबाईंचं गाव. २०१८ मध्ये शासनानं जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. आज किल्ला पाहायला आलेला माणूस वाटेत द्राक्षबागेत थांबतो, बागेत जेवतो आणि जाताना पेटी घेऊन जातो. गावाचा इतिहास आणि वावरातलं पीक एकमेकांच्या मदतीला आले, ते असे.

फ्रान्समध्ये हेच फार पूर्वीपासून चालत आलं आहे. तिथं बोर्दो शहराजवळ सेंत-एमिलियों नावाचं गाव आहे. चुनखडीच्या खडकावर वसलेलं, अगदी आपल्या राजूरच्या चुन्याची आठवण व्हावी असं. खडक काढून घरं बांधली आणि एक आख्खं चर्च खडकातच कोरलं. भोवती द्राक्षाचे मळे. १९९९ मध्ये हे गाव आणि त्याचे मळे दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरले. लोक लांबून येतात ते नुसती वाइन प्यायला नव्हे, गाव पाहायला. आणि गावकरी आपल्या मालाला आपल्या गावाचं नाव लावतात. ठरलेल्या टापूबाहेरचा माल त्या नावानं विकायला तिथला कायदा मनाई करतो.

बागेत काय पाहावं

पहिली गोष्ट, जमीन. मालकाला विनंती करून मुळाजवळचा खड्डा पाहा. माती किती खोल आहे, खाली मुरूम आहे का, पाणी कुठून निघून जातं, हे विचारा. निफाडकडे पाऊस आपल्यापेक्षा बराच कमी. आपल्या जिल्ह्यात सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि आपली भारी जमीन तो धरून ठेवते. द्राक्षवेलीला ओलावा हवा, पण साचलेलं पाणी नको.

दुसरी गोष्ट, खुंट. बहुतेक बागांत वरचा वेल एका जातीचा आणि मूळ दुसऱ्या जातीचं असतं. हे मूळ बहुधा डॉगरीज या अमेरिकन खुंटाचं. फ्रान्समध्ये १८६० नंतर मुळांवरच्या एका बारीक किडीनं मळेच्या मळे उजाड केले, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलम करूनच ते वाचले. आपल्याकडे खुंट आला तो मुख्यतः खारं पाणी आणि पाण्याची टंचाई यांना तोंड देण्यासाठी.

तिसरी गोष्ट, छाटणी. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपतो, म्हणून वर्षातून एकदाच मुख्य छाटणी. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी करून त्याला वळण लावावं लागतं. त्यानंतर सुमारे चार-साडेचार महिने डोळ्यांत तेल घालून राखण. केवडा, भुरी, करपा कधी येईल याचा नेम नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाड भागात गारपीट झाली आणि हाताशी आलेल्या बागा झोडपल्या गेल्या. तेव्हा त्या भागातला प्रत्येक बंगला पाहून हुरळू नका. त्यामागे कर्जही असतं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, वही. निर्यातीच्या बागेची प्लॉटवार नोंद असते. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, काढणीआधी किती दिवस, हे सगळं लिहावं लागतं. २०१० मध्ये औषधाचा अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली होती. तेव्हापासून वहीचं महत्त्व आणखी पटलं. आता आपल्याकडे पाहा. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. कोणत्या पंपात काय मिसळलं, हे सांगायला कित्येक ठिकाणी एक ओळही लिहिलेली नव्हती. बाप हो, द्राक्ष आपल्या वावरात नाही आलं तरी चालेल, पण ही वही आलीच पाहिजे. सोबत हातमोजे, तोंडाला झाकण आणि वाऱ्याची दिशा पाहून फवारणी.

पाचवी गोष्ट, विक्री. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० पासून काम करतो. १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभी केली आणि परदेशात माल पाठवला. एकट्याची पेटी बोटीवर चढत नाही. आपला कापूसही दहा जणांनी स्वच्छ वेचून, ओला-कोरडा वेगळा ठेवून एकत्र नेला, तर बोलताना आवाज थोडा मोठा निघतो.

वाइनची द्राक्षं वेगळी असतात. मणी लहान, गर कमी, आणि ती बहुतेक कारखान्याशी करार करून लावतात. नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीनं फेसाळणारी वाइन तयार झाली. पुढं नाशिकला अनेक कारखाने निघाले. पण २००८-०९ च्या मंदीनंतर मागणी घटली आणि काही शेतकऱ्यांना वाइनच्या बागा उपटाव्या लागल्या. करार असेल तर त्यात भाव, उचलण्याची तारीख आणि पैसे देण्याची तारीख लेखी आहे का, हे विचारा. हा प्रश्न कोणत्याही पिकाला लागू आहे.

पाहुण्यानं पाळायचे नियम

१. परवानगीशिवाय बागेत शिरू नये.
२. घडाला हात लावू नये. मण्यांवरची पांढुरकी झाक पुसली की भाव उतरतो.
३. विचारल्याशिवाय मणी तोडून खाऊ नये. फवारणी कधी झाली हे आपल्याला ठाऊक नसतं.
४. काम चालू असताना मजुरांना अडवू नये.
५. दौऱ्यात घरच्या बायकांनाही न्यावं. विरळणी, निवड आणि पेटी भरणं ही कामं बऱ्याच अंशी बायकाच करतात. बाईच्या प्रश्नांना तिथं खरं उत्तर बाईच देईल.

परत आल्यावर

आठ दिवसांच्या आत चावडीवर किंवा मंदिरात बसा. ज्यांना जाता आलं नाही त्यांना सांगा. प्रत्येकानं आपल्या वावरात करता येईल अशी एकच गोष्ट ठरवावी. कुणी वही घालील, कुणी धुऱ्याकडेनं पाण्याला वाट काढील, कुणी माती तपासून घेईल. द्राक्ष लावायचंच असेल तर आधी माती-पाण्याची तपासणी, मग कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला, आणि मग फार तर पाच-दहा गुंठे.

आणखी एक विचार करा. आपल्याकडे पाहण्याजोगं काहीच नाही का? वणीला रंगनाथस्वामींचं देऊळ आहे. कळंबला चिंतामणी आहे. टिपेश्वरच्या जंगलात वाघ पाहायला माणसं येतात. २०२० मध्ये राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. वाटसरूला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि फुटलेल्या कापसाचं वावर दाखवणारं घर आपल्याही रस्त्यावर उभं राहू शकतं. त्याला मांडव लागत नाही, तार लागत नाही.

तेव्हा जा, पाहा, विचारा, लिहून आणा. रोपं मात्र लगेच आणू नका. माझा अर्धा एकर तुमच्या कामी आला, तर तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.