धायरीहून हर्णैला



धायरीच्या रानात पडलेलं पावसाचं पाणी मुठेला मिळतं. पुढे भीमा, मग कृष्णा असं करीत ते थेट बंगालच्या उपसागराला जातं. अरबी समुद्र मात्र सह्याद्रीपलीकडे, सरळ रेषेत १०० किलोमीटरांच्याही आत आहे! इतक्या जवळचा हा शेजारी आपल्या मुलांनी नुसता पुस्तकातच पाहावा काय? तेव्हा दिवाळीनंतरच्या सहलीसाठी मी एक गाव सुचवतो. ते म्हणजे दापोली तालुक्यातलं हर्णै.

हर्णै हे कोळ्यांचं जुनं बंदर. दिवस कलू लागला की किनाऱ्यावर जाऊन उभे राहा. मोठ्या होड्या आत नांगर टाकतात आणि मासळी वाळूवर आणली जाते. त्यासाठी बैलगाड्या पाण्यात घालण्याची इथली जुनी रीत. आपल्या ओळखीची बैलगाडी, पण चाकं समुद्रात! मग सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी यांचे ढीग लागतात आणि लिलाव पुकारला जातो. मार्केट यार्डात भाजी नेणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. माल नाशवंत आणि भाव दुसऱ्याच्या तोंडी, हे दुखणं दोघांचं एकच. शिवाय डिझेल आणि बर्फ आधी भरावा लागतो. जाळं रिकामं आलं तरी तो खर्च काही चुकत नाही.

आता गुरुजींनी मुलांना विचारावं, की जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी का असते? एक तर समुद्र खवळलेला असतो. दुसरं, पुष्कळशा मासळीचा हा अंडी घालण्याचा काळ. बियाण्याची कणगी फोडून खाल्ली, तर पेरायचं काय? बारीक डोळ्यांच्या जाळ्यात पिल्लं आली की पुढच्या सालची मासळीच संपते. नियम मोडणारा एक असतो, भोगणारं सगळं गाव. आपल्याकडे विहिरींच्या पाण्याचं तरी वेगळं काय आहे?

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसेल. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे. किनाऱ्यावरचा कनकदुर्ग आणि तिथला दीपगृहाचा मनोरा पायीच पाहता येतो.

एक विनंती. लिलाव हा तमाशा नव्हे, ती कुणाची तरी सुगी आहे. वाटेत उभे राहू नका, नाकाला रुमाल लावू नका. मावशींना आधी नमस्कार करा, मग मासळीची नावं विचारा. असे धडे कुठल्या पुस्तकात मिळायचे नाहीत.