दुखत नाही म्हणून



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. मी रक्तदाबावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. आपल्या बॅचचे डॉक्टर समोरच बसलेत, चुकलं तर त्यांनी तिथूनच थांबवावं. विषय बदलायचं कारण आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. गेल्या तीन वर्षांत त्यावर दोनदा 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायची वेळ आली. दोघंही आपल्याच वयाचे.

माझ्या वडिलांना बीपीची गोळी सुरू होती. एकदा तपासलं तर १३०/८० निघालं. "आता नॉर्मल आहे, उगाच सवय कशाला?" म्हणून त्यांनी गोळी सोडली. आम्हाला उलट बरंच वाटलं. नॉर्मल होतं ते गोळीमुळेच, हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही, इंजिनिअर मुलीच्याही नाही. आठ महिन्यांनी एका सकाळी दात घासताना ब्रश त्यांच्या हातातून पडला. उजवी बाजू गेली. पुढची सहा वर्षं ते डाव्या हाताने जेवले.

एवढं पाहूनही मी काय केलं? ऑफिसच्या तपासणीत माझं १५८/१०२ आलं. "ट्रॅफिकमधून आले, रात्री जागरण झालं होतं, त्यामुळे असेल," म्हणत रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. सात महिने तो तिथेच होता. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. बहुतेकांना बीपीचा काहीच त्रास जाणवत नाही. मेंदू, हृदय, मूत्रपिंडं, डोळे यांच्या रक्तवाहिन्या मात्र झिजत राहतात. आमच्याकडे ज्या सर्व्हरवर कुणाचं लक्ष नसतं, तो बंद पडला की सगळे म्हणतात, अचानक पडला.

शेवटी मशीन घेतलं. दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. आधी अर्धा तास चहा, सिगारेट, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, आणि पाच मिनिटं गप्प. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते बीपी आहे, ट्रॅफिक नाही. काहींचं फक्त दवाखान्यातच वाढतं, तेही या कागदावरून कळतं. माझी सरासरी १४९/९६ निघाली.

आता रोज सकाळी एक गोळी घेते. पहिल्या गोळीने पायावर सूज आली, तेव्हा डॉक्टरांनी बदलून दिली. सोसत नसेल तर बदलून मागायची, मनाने बंद करायची नाही. चालणं वाढवलं, थोडं वजन उतरलं. मिठाचं मात्र अवघड गेलं. आपण भाजीत चिमूटभर कमी घालतो आणि शेजारी पापड, लोणचं, संध्याकाळी फरसाण! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सगळं धरून चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. सैंधव खाणाऱ्यांनी हसू नये, त्यातही सोडियमच असतं. आणि गुडघ्यांसाठी परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही बीपी चढू शकतं.

तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातातलं बळ गेलं, तर मशीन शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आम्ही त्या सकाळी वडिलांना आधी साखरपाणी दिलं आणि दोन तास घालवले.

मी मशीन आणलंय. आठवी 'ब'च्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर ठेवलंय. जेवणाआधी एकेक जण या. चहा होऊन तोवर अर्धा तास झालेला असेल. फक्त पाच मिनिटं गप्प बसावं लागेल. त्या वर्गात ते आपल्याला कधी जमलं नव्हतं, बाईंना विचारा.