आग लागली तर लिफ्ट : शत्रू की मित्र?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘सभासदांचे व्यासपीठ’ या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रम समितीने मला सांगितलं, ‘तुम्ही रेल्वेत इंजिनिअर आहात, काहीतरी उपयोगाचं बोला.’ मी तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलेला, विजेच्या कामातला माणूस. स्टेशनवरचे दिवे, पंप, पंखे, जनरेटर आणि अलीकडे लिफ्ट व सरकते जिने हा माझा रोजचा संसार. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नका. लिफ्टबद्दल मात्र दोन शब्द अधिकाराने बोलू शकेन असं वाटतं.

आपण चंडीगढला आलो तेव्हा या शहराची एक गंमत वाटली होती. मुंबई-पुण्यासारख्या उंच इमारती इथे नाहीत. सेक्टरमधली घरं दोन-तीन मजल्यांची, समोर झाडं. आता मात्र आपल्यातली निम्मी मंडळी झिरकपूर, मोहाली, पंचकुला या बाजूला फ्लॅट घेऊन राहतात. कोणी आठव्या मजल्यावर, कोणी चौदाव्या. गावाकडचे आई-वडील थंडी संपली की इथे येतात. माझी आई मिरजेहून येते. वय शहात्तर, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो.

प्रत्येक लिफ्टजवळ पाटी असते, ‘आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये, जिन्याचा वापर करावा.’ पाटी बरोबर आहे. पण ती वाचून आईने मला एकदा विचारलं, ‘अरे, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?’ आजचं माझं बोलणं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आधी पाटीवर तसं का लिहिलेलं असतं ते पाहू.

लिफ्टची विहीर, म्हणजे शाफ्ट, खालपासून वरपर्यंत सरळ पोकळ असते. आपल्या गावाकडच्या स्वयंपाकघरातलं धुराडं आठवा. गरम हवा हलकी होऊन वर जाते, खालून नवी हवा ओढली जाते. इमारतीत धूर शिरला की तो याच वाटेने वरच्या मजल्यांवर पोहोचतो. इथल्या डिसेंबर-जानेवारीत बाहेर कडाक्याची थंडी आणि आत हीटर लावलेले असतात, तेव्हा हा ओढा आणखी वाढतो. म्हणजे आग चौथ्या मजल्यावर असली तरी दहाव्या मजल्यावरचा माणूस लिफ्टमध्ये गुदमरू शकतो. आगीत भाजून मरणाऱ्यांपेक्षा धुराने मरणारे जास्त असतात.

दुसरी गोष्ट विजेची. वीज गेली की लिफ्टचा ब्रेक आपोआप लागतो आणि डबा असेल तिथे थांबतो. दोन मजल्यांच्या मध्ये थांबला तर माणसं अडकली. यावर उपाय म्हणून हल्ली एआरडी नावाचं बॅटरीवर चालणारं यंत्र बसवतात. वीज गेल्यावर ते डबा जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतं. रोजच्या भारनियमनात ही फार चांगली सोय आहे. पण आगीच्या वेळी तो ‘जवळचा मजला’ आगीचाच निघाला तर? यंत्राला ते कळत नाही. शिवाय हलका डबा सोडला तर तो वरच्या दिशेला जातो, कारण पलीकडचं वजन रिकाम्या डब्यापेक्षा जड असतं. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट दारांची. दारात माणूस आहे का हे पाहणारे प्रकाशकिरण असतात. दाट धुराने ते अडले तर दार बंदच होत नाही. उष्णतेने मजल्यावरचं बटण आपोआप दाबल्यासारखं होऊन लिफ्ट नेमकी आगीच्याच मजल्यावर जाऊ शकते. त्यात बंबाचं पाणी शाफ्टमध्ये उतरलं की विजेची उपकरणं बंद पडतात.

हे सगळं पुस्तकी नाही. आपल्या रेल्वेवाल्यांना ८ मार्च २०२१ ही तारीख विसरता येणार नाही. कोलकात्यात स्ट्रँड रोडवर रेल्वे कार्यालयांची न्यू कोयलाघाट इमारत आहे. संध्याकाळी तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ माणसं गेली. त्यांत अग्निशमन दलाचे चार जवान होते, पोलीस होते, रेल्वेचे अधिकारी आणि आरपीएफचा जवानही होता. त्यातले अनेक जण लिफ्टमध्ये सापडले. ज्यांचा पेशाच आगीशी लढण्याचा, तेही लिफ्टने वर गेले आणि परतले नाहीत. त्या रात्री पूर्वेकडची आरक्षण व्यवस्थाही बंद पडली होती, म्हणून इथे आपल्या कार्यालयातही ती बातमी लगेच पोहोचली. गाडी पुन्हा सुरू होते, माणूस मात्र परत येत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू.

१ फेब्रुवारी १९७४ रोजी ब्राझीलमधील साओ पावलो शहरात जोएल्मा नावाच्या २५ मजली इमारतीला आग लागली. सुमारे १८० माणसं दगावली. पण त्याच आगीत लिफ्टचालकांनी पहिल्या काही मिनिटांत फेऱ्या मारून सुमारे तीनशे लोकांना खाली आणलं. पुढे धूर वाढला आणि लिफ्ट चालवणं अशक्य झालं. म्हणजे तीच लिफ्ट काही मिनिटं तारणारी होती आणि नंतर मारणारी ठरली.

११ सप्टेंबर २००१ आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं. न्यूयॉर्कच्या उत्तर मनोऱ्यावर ८ वाजून ४६ मिनिटांनी विमान आदळलं. दक्षिण मनोऱ्यावर दुसरं विमान आदळेपर्यंत सोळा मिनिटं गेली. त्या सोळा मिनिटांत दक्षिण मनोऱ्यातील पुष्कळ लोक आपणहून निघाले आणि लिफ्ट चालू होत्या. तिथल्या सरकारी तपासणी संस्थेच्या अंदाजाप्रमाणे यामुळे सुमारे तीन हजार जीव वाचले. त्यानंतर अमेरिकेतील इमारत नियमांत, रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी खास बांधलेल्या लिफ्टला मान्यता मिळाली. दुबईच्या बुर्ज खलिफामध्येही ठराविक आसरामजल्यांवरून लोकांना लिफ्टने खाली आणण्याची योजना आहे. शंभर-दीडशे मजले जिन्याने उतरा असं कोणाला सांगणार?

मग साधी लिफ्ट आणि ही खास लिफ्ट यांत फरक काय? मी रेल्वेच्या भाषेत सांगतो.

आपल्याकडे पुढचा ब्लॉक सेक्शन मोकळा असल्याची खात्री झाल्याशिवाय, म्हणजे ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. इथेही तसंच. लिफ्टसमोरची जागा, लॉबी, ही भिंतींनी आणि आगीला दोन तास टिकणाऱ्या दारांनी वेगळी केलेली हवी. त्या लॉबीत आणि शाफ्टमध्ये पंख्याने स्वच्छ हवेचा दाब ठेवतात, म्हणजे धूर आत शिरत नाही. लॉबीचा उतार असा ठेवतात की बंबाचं पाणी शाफ्टकडे न जाता बाहेर जाईल. वीजपुरवठा वेगळा, आगीत टिकणाऱ्या केबलने आलेला आणि जनरेटरचा आधार असलेला. डब्यातून आणि लॉबीतून खाली बोलण्याची सोय. लॉबीला लागूनच जिना, म्हणजे लिफ्ट बंद पडली तरी माणूस कोंडला जात नाही. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खाली एक शिकलेला माणूस, जो कोणत्या मजल्यावर लिफ्ट पाठवायची आणि कोणत्या नाही हे ठरवतो. यातली एक जरी गोष्ट नसली तर ती लिफ्ट साधीच समजायची.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींना ‘फायर लिफ्ट’ सांगितली आहे. किमान ५४४ किलो, म्हणजे आठ माणसांची क्षमता आणि तळापासून सर्वांत वरच्या मजल्यावर एका मिनिटात पोहोचण्याचा वेग. ती मुख्यतः जवानांना वर नेण्यासाठी असते. महाराष्ट्रात तर ७० मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींना रहिवाशांना काढण्यासाठी वेगळी ‘फायर इव्हॅक्युएशन लिफ्ट’ सक्तीची करण्यात आली आहे. त्याची गरज का पडली ते मुंबईकडे पाहिलं की कळतं. जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीच्या गच्चीवरून ८४ जणांना शिडीने उतरवलं, पण ती इमारत नऊ मजली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या अविघ्न पार्कमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली, ती इमारत ६१ मजल्यांची. मुंबईची सर्वांत उंच शिडी ९० मीटरची. त्याच्या वरच्यांनी काय करायचं? आणि शिडी कितीही उंच असली तरी ती उभी करायला इमारतीखाली गाड्या लावलेल्या नसाव्या लागतात, हे आपल्या पार्किंगकडे पाहून तुम्हीच ठरवा.

आपल्या शहरातलं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पीजीआयच्या नेहरू हॉस्पिटलला मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली. धूर वॉर्डांत पसरला. चारशेच्या वर रुग्ण बाहेर काढले आणि कोणी दगावलं नाही. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि सुरक्षारक्षकांनी स्ट्रेचर, व्हीलचेअर, जे मिळेल त्याने माणसं हलवली. याच शहरात ली कार्बुझिए यांनी सचिवालयाच्या इमारतीला चढ-उताराचे रॅम्प दिले. जिना न चढू शकणाऱ्या माणसालाही मजल्यावरून मजल्यावर चालत जाता येतं. आपल्या फ्लॅटला रॅम्प नाहीत आणि आपल्याकडे वॉर्डबॉयही नाहीत. आपल्याकडे आहेत ते शेजारी.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत आम्ही एक रंगीत तालीम केली. प्रत्येक मजल्याला अठरा पायऱ्या, अकरा मजल्यांच्या एकशे अठ्ठ्याण्णव. कॉलेजची मुलं तीन मिनिटांत खाली आली. माझी आई मध्ये तीनदा टेकली, तिला सव्वीस मिनिटं लागली. आणि मागून उतरणारी माणसं तिच्यामुळे अडली. म्हणजे प्रश्न फक्त आईचा नाही, जिन्यावरच्या सगळ्यांचा आहे.

आता लिफ्टचा हिशेब करा. ३३ मीटर उंची, सेकंदाला एक मीटर वेग. वर-खाली मिळून ६६ सेकंद, दार आणि चढ-उतार यांना चाळीस. म्हणजे दोन मिनिटांच्या आत एक फेरी. दहा मिनिटांत पाच फेऱ्या, आठ-आठ माणसं, एकूण चाळीस. सगळ्या इमारतीला हे पुरणार नाही. पण आमच्या विंगमध्ये जिना उतरू न शकणारे आजी-आजोबा, बाळंतिणी, आजारी माणसं मिळून चौदा निघाली. त्यांना पुरून उरतं. तेव्हा सूत्र साधं आहे. धडधाकट माणसांनी जिना घ्यावा आणि सुरक्षित लिफ्ट असलीच तर ती न उतरू शकणाऱ्यांसाठी सोडावी.

त्याच दिवशी आम्ही तळमजल्यावरच्या काचेच्या लाल डबीतला ‘फायरमन स्विच’ दाबून पाहिला. तो दाबला की लिफ्टने वरचे सगळे कॉल सोडून सरळ खाली येऊन दार उघडून उभं राहायला हवं. तीनपैकी दोन लिफ्ट आल्या. तिसरी आपली निवांत सातव्या मजल्यावर गेली. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ मध्ये ७२ जीव गेले. तिथेही अग्निशमन जवानांना लिफ्टचा ताबा घेता आला नव्हता. स्विच असणं आणि स्विच चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या मीटिंगमध्ये दुरुस्तीच्या खर्चावर एका सदस्याने म्हटलं, ‘इतकी वर्षं काही झालं नाही.’ मी म्हटलं, ‘साहेब, रेल्वेत आम्ही ब्रेक रोज तपासतो, काही होत नाही म्हणूनच.’ स्विच दुरुस्त झाला. लॉबीला हवेचा दाब अजून नाही, म्हणून आमच्याकडे आगीत लिफ्ट वापरायची नाही हाच नियम आजही आहे आणि तो मी आईलाही सांगितला आहे.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. फायरमन स्विच दर महिन्याला एकदा सर्वांसमोर दाबून पाहा. लिफ्टवाल्याला विचारा की आगीची सूचना मिळाल्यावर एआरडी काय करतं. लिफ्टच्या लॉबीची आणि जिन्याची दारं विटा लावून उघडी ठेवू नका. चपलांचे स्टँड आणि सायकली तिथून काढा. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत आसराजागा, रेफ्यूज एरिया असते. ती कोणत्या मजल्यावर आहे ते पाहा आणि तिथे जुनी कपाटं असतील तर हलवा. जिना उतरू न शकणाऱ्यांची मजलावार यादी वॉचमनकडे ठेवा आणि प्रत्येकामागे दोन शेजारी नेमा. शेजारी पंजाबी असो, मद्रासी असो, त्याला आपल्या आजीचं नाव माहीत असू द्या. खाली जाणं शक्यच नसेल तर दार लावून घ्या, फटीत ओले टॉवेल कोंबा, खिडकीशी या आणि १०१ किंवा ११२ वर मजला व फ्लॅट नंबर सांगा. २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरच्या आगीत दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेलं आठवून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला लावला. बालमित्रांनो, हे तुमच्यासाठी. मोठी माणसं घाबरली की विसरतात, तुम्ही आठवण करून द्या.

आईच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. इमारत नवी घेत असाल तर बिल्डरला टाइल्सच्या रंगाआधी विचारा, ‘आग लागली तर माझी आई खाली कशी येणार?’ इमारत जुनी असेल तर आसराजागा आणि दोन शेजारी आजच ठरवा. लिफ्ट शत्रूही नाही आणि मित्रही नाही. तिची जशी निगा राखाल तशी ती वागेल.

आपण गणरायाला विघ्नहर्ता म्हणतो. तो विघ्न हरतो, पण लाल डबीवरची धूळ आपल्यालाच पुसावी लागते. 

गणपती बाप्पा मोरया!