आईला वाचता येईल अशी भेट

(आदिवासी भागातील वसतिगृहांच्या कार्यकर्त्यांसाठी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी भरलेल्या अभ्यासवर्गात हस्तकला शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग. भाषण ऐकताना अनेकांनी वहीत मापे उतरवून घेतली, म्हणून ती तशीच छापत आहोत. – संपादक)



मला विषय दिला आहे, ‘थोड्या खर्चात हाताने केलेल्या भेटवस्तू’. आधी कोणासाठी ते ठरवू आणि मग काय करायचे ते पाहू. दिवाळीची सुट्टी आली की आपली मुले घरी जातात. रिकाम्या हाताने जायला त्यांना संकोच वाटतो. स्टँडबाहेर दुकाने मांडलेली असतात आणि खिशात दहा-वीस रुपये असतात. त्यातून ‘बेस्ट मॉम’ असे इंग्रजीत छापलेली प्लॅस्टिकची वस्तू घेतली जाते. घरी आई ती कौतुकाने हातात घेते, फिरवून पाहते आणि फळीवर ठेवून देते. तिच्यावर काय लिहिले आहे ते तिला कळत नाही. आपल्या मुलांच्या घरी आजही अनेक आया, बहुतेक आज्या अक्षर न शिकलेल्या आहेत. त्यांना वाचता येईल अशी भेट मुलाच्या हातून कशी घडेल, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

उत्तर शोधायला लांब जायला नको. पालघर, डहाणू, जव्हारकडच्या मुलांना वारली चित्र घरचेच आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की अंग होते, वर गोल काढला की डोके. या चित्रातल्या माणसाला नाकडोळे नसतात. मग माणूस ओळखायचा कसा? तो काय करतो आहे यावरून. डोक्यावर मोळी आहे, कमरेला मूल आहे, हातात तारपा आहे, यावरून तो कोण ते कळते. भेटीवर त्या माणसाची खूण हवी असे आपण म्हणतो, ती ही खूण. नाव घालण्याची गरजच नाही. मुलाने आपल्या आईचे काम काढावे. लावणी करणारी, कोंबड्या राखणारी, विहिरीवरून दोन हंडे आणणारी. आई चित्र पाहील आणि म्हणेल, ही तर मीच!

आता साहित्य. तांदूळ तीन-चार तास भिजवून पाट्यावर बारीक वाटायचे आणि फडक्यातून गाळून घ्यायचे. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून तो त्यात मिसळायचा. भिंतीवर डिंक कमी असला तरी निभते, कागदावर मात्र डिंकाशिवाय पांढरा रंग वाळून पापुद्रे धरतो आणि घडी घातली की गळतो. गेरूतही थोडा डिंक हवा, नाहीतर तो बोटांना लागतो. कागद म्हणून वहीचे जुने पुठ्ठे किंवा खाकी कागद चालतो. गेरूचा एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. कागद सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच जुन्या कापडात धरून पुस्तकांच्या ओझ्याखाली ठेवा, म्हणजे वाकत नाही. ब्रश विकत आणू नका. बांबूची बारीक काडी घेऊन तिचे टोक दगडाने चेचले की कुंचला तयार.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. लग्नातला चौक ही सजावटीची नक्षी नव्हे. तो लग्नघरी भिंतीवर सवाशिणी लिहितात आणि त्यात पालघट देवी असते. तो पायपुसण्यावर, कपावर किंवा किल्लीच्या साखळीवर काढायला मुलांना सांगू नका. शंका असली तर गावातल्या जाणत्या बाईला विचारा. शेत, घर, झाडे, प्राणी, तारप्याचा नाच हे विषय भरपूर आहेत. ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली ती साधारण १९७० नंतर. तोवर हे प्रामुख्याने बायकांचे, लग्नकार्याचे काम होते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे रोजच्या जगण्याची चित्रे काढू लागले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांना हे जरूर सांगा. आपल्या आजीला जे येते त्याला जगात मान आहे, हे मुलाला वेळेवर कळायला हवे. वसतिगृहात शिकता शिकता मुलाला घरच्या कामाची लाज वाटू लागली, तर आपल्या शिकवण्यात कुठेतरी उणे राहिले असे मी समजते.

दुसरी भेट आहे कागदांची पिशवी. हिच्याविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे. दिवाळी झाली की आपल्या कितीतरी मुलांचे आईबाप वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परत येतात. रेशनकार्ड, आधारकार्ड, जातीचा दाखला, बाळाचे लसीचे कार्ड हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले असते. ती पिशवी कधी कुडाच्या फटीत, कधी छपराच्या वाशात खोचलेली. उंदीर कुरतडतात, पाणी लागते, घडीवर कागद फाटतो. मग एका दाखल्यासाठी तहसीलला चार खेपा होतात आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. मुलाने आईबापांना या दिवसांत द्यावी अशी याहून उपयोगी भेट मला तरी सुचत नाही.

कापड जुन्या सुती साडीचे किंवा चादरीचे घ्या. साडीचे असेल तर दोन पदरी घ्या. दाखल्याचा मोठा कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि जवळपास ३० सेंटिमीटर लांब असतो. तो घडी न घालता राहायचा तर पिशवी आतून २५ बाय ३४ हवी. त्यासाठी २९ सेंटिमीटर रुंद आणि ८४ सेंटिमीटर लांब अशी एकच पट्टी कापा. दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर दुमडून टीप घाला. ८० उरतात. त्यातले ३४ पुढे, ३४ मागे आणि १२ वर झाकणाला. उलट बाजूने घडी घालून दोन्ही कडा दोन-दोन सेंटिमीटर आत शिवा आणि पिशवी सुलट करा. झाकणाच्याही कडा दुमडून घ्या आणि त्याला बांधायला नाडी लावा. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला, धावदोरा इथे टिकत नाही.

आत जाड प्लॅस्टिकची पिशवी सुटीच ठेवायची. ती कापडाला शिवू नका, कारण सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरते. तिचे तोंड दोनदा दुमडून मगच कापडी झाकण बांधायचे. आणि पिशवीवर साखळी टाक्याने त्या घराची एक खूण काढायची. कोणाकडे ताडाचे झाड आहे, कोणाकडे शेळी, कोणाचे वडील मासे धरतात. भट्टीवर दहा झोपड्या शेजारी असल्या तरी आपली पिशवी अंधारातसुद्धा बोटांना कळली पाहिजे.

सुट्टीत घरी गेल्यावर मुलाने स्वतः सगळे कागद त्यात लावून द्यावेत आणि कोणता कागद कशाचा ते आईला रंगीत दोऱ्याच्या खुणेने दाखवावे. दोरा कागदाला टोचायचा नाही. प्रत्येक कागदासाठी वेगळे पाकीट करून त्याला दोरा बांधायचा. रेशनकार्डाला लाल, आधारला हिरवा, दाखल्याला पिवळा. आईला अक्षर येत नसले तरी रंग येतो.

तिसरी भेट बियांची. सासरी गेलेल्या बहिणीला, मावशीला माहेरच्या परसातली बी मिळाली तर तिला काय वाटेल हे मी तुम्हाला सांगायला नको. दुधी, काकडी, वाल, घेवडा, जे घरी पिकते ते. बी पुरती वाळलेली हवी. चुलीतली थंड राख चाळून तिच्यात बी घोळवायची म्हणजे कीड कमी लागते. जुन्या कागदाची पुडी बांधून तिच्यावर वेलाचे चित्र काढायचे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे असेच जपले. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. २०२० सालच्या पद्मश्रीत त्यांचे नाव आले.

खर्चाचे विचाराल, तर चाळीस मुलांमागे चारशे रुपये धरा. दीडशे खाकी कागदाला, शंभर सुई-दोऱ्याला, पन्नास गेरूला, आणि शंभर प्लॅस्टिकच्या पिशव्या व अडीअडचणीसाठी. बाजारभाव गावोगावी कमी-जास्त असतो, पण मुलामागे दहा रुपयांच्या फार वर जाऊ नये. तांदूळ, डिंक, बांबू, राख, जुने कापड यांना पैसे पडत नाहीत. वेळ मात्र पडतो. चार रविवार हाताशी ठेवा.

दोन पथ्ये सांगते. पहिले असे की, देणगीदारांना पाठवायची शे-दोनशे शुभेच्छापत्रे मुलांकडून एकसारखी काढून घेऊ नका. पन्नासावे पत्र काढताना मुलाच्या मनात कोणीच नसते, ते नुसते कामच होते. मुलाची पहिली भेट त्याच्या घरी जाऊ दे. देणगीदारांना मनापासून काढलेले एखादे चित्र छापून पाठवले तरी ते आनंदाने घेतील. दुसरे, ज्या मुलांना सुट्टीत जायला घर नाही त्यांना आधी आठवा. त्यांना वर्गात सर्वांदेखत ‘तू कोणाला देणार?’ असे विचारू नका. आपल्या स्वयंपाकघरातल्या मावशी, रात्रीचे राखणदार काका, आजारपणात उशाशी बसलेला मोठा दादा, यांच्यापैकी कोणाला द्यावेसे वाटते ते एकट्याला बाजूला घेऊन बोला. त्या मावशींच्या हातात भेट पडेल तेव्हा त्या मुलाला जे मिळेल ते आपण कोणीच वेगळे देऊ शकत नाही.

शेवटी एक काम देऊन थांबते. येत्या रविवारी कागद, कापड, रंग काही काढू नका. मुलांना गोल बसवा आणि एकच विचारा, तुझ्या घरी कोणाचे हात दिवसभर काय करतात? एकेकाला नीट बोलू द्या, कोणी अडखळले तर थांबा. मग पुढच्या रविवारी साहित्य काढा. कोणासाठी काय करायचे ते मुलेच तुम्हाला सांगतील.

 ज्यांना पिशवीचा नमुना कापून हवा आहे त्यांनी जेवणानंतर थांबावे. कात्री मी आणली आहे, जुने कापड तुम्ही आणा.